अळी मरत नाही, कोषही करत नाही

गेवराईकडच्या एका रेशीम उत्पादकाचा प्रश्न थोडक्यात असा: २०० अंडीपुंजांची (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) बॅच. चौथी कात व्यवस्थित निघाली. पाचव्या अवस्थेचा आज अकरावा दिवस. अळ्या टपोऱ्या, चकचकीत, रोगाचं लक्षण कुठलंच नाही, तुतीचा पाला टाकला की फडशा पाडतात. पण पिकायचं, म्हणजे खाणं सोडून कोषाला लागायचं, नाव नाही. चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, उचलून ठेवल्या तर खाली उतरून परत पाला हुडकतात. बॅच चौथ्या कातीला बसली होती, त्याच आठवड्यात पश्चिमेच्या बांधापलीकडच्या कपाशीवर पांढऱ्या माशीसाठी फवारणी झाली. रिकाम्या बाटलीवर नाव पायरीप्रॉक्सीफेन. दुकानदार म्हणतो, "हे अळीचं औषधच नाही, पांढऱ्या माशीचं आहे. अन् तुमची एक तरी अळी मेली का?"

दुकानदाराचं शेवटचं वाक्य खरं आहे. एकही अळी मेलेली नाही, आणि मला या औषधाचा संशय येतो तो त्याचमुळे.

गेली बावीस वर्षं मी संगोपनगृहांत फिरतोय. विषबाधा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: पाला टाकल्यावर अर्ध्या तासात अळ्या डोकं वर करून झुलायला लागतात, हिरवं पाणी ओकतात, अंग पिळवटतं, संध्याकाळी रॅकवर सडा. ते चित्र मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या औषधांचं. फॉस्फरसवाली जुनी औषधं, पायरेथ्रॉइड, अगदी शेडमध्ये लावलेली डासांची अगरबत्तीसुद्धा त्यातच येते. पायरीप्रॉक्सीफेनला मज्जातंतूंशी काही देणंघेणं नाही. ते अळीला एक खोटा निरोप देतं: "तू अजून लहान आहेस, खात राहा." अळीला तो खरा वाटतो.

हा निरोप कुठे आणि कसा पोचतो ते जरा खोलात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचा सल्ला पटणार नाही.

अळीच्या वाढीची सूत्रं मुख्यतः दोन संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या हातात असतात. एक इक्डायसोन. ते छातीच्या पहिल्या वलयातल्या ग्रंथींतून सुटतं आणि "कात टाक" असा हुकूम देतं. दुसरं ज्युवेनाइल हार्मोन, मराठीत बाल्य संप्रेरक म्हणू. मेंदूच्या मागे चिकटलेल्या दोन बारीक ग्रंथी ते बनवतात. कात टाकल्यावर अळीच राहायचं की पुढचं रूप घ्यायचं, हे ते ठरवतं. रक्तात बाल्य संप्रेरक भरपूर असताना इक्डायसोन आलं तर अळीची आणखी मोठी अळी होते. पहिल्या चार काती अशाच होतात. पाचव्या अवस्थेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत बाल्य संप्रेरक ओसरतं. ग्रंथी ते बनवणं थांबवतात, शिवाय रक्तातला एक विकर (एन्झाइम) उरलंसुरलं तोडून टाकतो. मैदान मोकळं झालं की मेंदू छातीच्या ग्रंथींना इशारा देतो, इक्डायसोनची एक छोटी लाट येते. अळी खाणं सोडते, पोट रिकामं करते, अंग पारदर्शक पिवळसर होतं आणि ती जागा शोधत फिरू लागते. याला तुम्ही "अळी पिकली" म्हणता. कोष विणून झाल्यावर दुसरी मोठी लाट येते आणि आत प्यूपा, म्हणजे अळी आणि पतंग यांच्या मधली अवस्था, तयार होतो.

हे सगळं माणसाला कळलं ते साध्या दोऱ्याने. पोलंडच्या स्टेफान कोपेच यांनी १९१७ च्या सुमारास एका पतंगाच्या अळ्यांना मधोमध दोरा आवळून बांधला. ठराविक वेळेआधी बांधला तर पुढचा भाग प्यूपा झाला, मागचा अर्धा अळीच राहिला. म्हणजे हुकूम पुढून येतो आणि रक्तातून जातो. रेशीम अळीत छातीच्या ग्रंथींचं काम जपानच्या फुकुदांनी १९४० मध्ये दाखवलं. त्याआधी १९३८ मध्ये फ्रान्सच्या बूनियोल यांनी लहान रेशीम अळ्यांच्या मेंदूमागच्या ग्रंथी काढून टाकल्या, तर त्या पोरवयातच प्यूपा होऊन बसल्या. प्रशिक्षणात मी शेतकऱ्यांना दोऱ्याचा प्रयोग करून दाखवतो. तासाभराच्या भाषणाने होत नाही ते काम, एकाच अळीचं पुढचं अंग प्यूपा आणि मागचं अंग अळी पाहिलं की होतं. पुढची गोष्टही रेशमाचीच: १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी ५०० किलो रेशीम प्यूपांपासून जेमतेम २५ मिलिग्रॅम शुद्ध इक्डायसोन मिळवलं. इतक्या सूक्ष्म प्रमाणात हा कारभार चालतो, हा आकडा लक्षात असू द्या. पुढे लागणार आहे.

आता पायरीप्रॉक्सीफेनकडे येऊ. त्याची रासायनिक रचना बाल्य संप्रेरकासारखी दिसतही नाही, पण पेशीतल्या त्याच कुलपात ही किल्ली बसते. आणि अळीच्या रक्तातला जो विकर खरं संप्रेरक तोडतो, त्याला हे तोडता येत नाही, कारण तो ज्या बंधावर कात्री चालवतो तो बंधच यात नाही. त्यामुळे पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीला खरं संप्रेरक ओसरलं तरी खोटं तसंच राहतं. मेंदू इशारा देत नाही, इक्डायसोनची छोटी लाट येत नाही. रेशीमग्रंथी भरत राहते, अळी खात राहते. तुमच्या रॅकवर नेमकं हेच चाललंय.

खात्री करायची असेल तर दोन-तीन अळ्यांचा बळी द्या. ताटलीत मिठाचं पाणी घ्या, अळी त्यात बुडवून पाठीवरून कात्रीने अलगद चीर द्या आणि कातडी दोन्हीकडे टाचणीने ताणून बसवा. आतड्याच्या दोन्ही बाजूंना काचेसारख्या, वळणावळणाच्या दोन नळ्या दिसतील, त्या रेशीमग्रंथी. पिकायला आलेल्या अळीत त्या एकूण वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत जातात. ग्रासरी (विषाणूचा रोग) झालेल्या अळीत पाणी लगेच दुधाळ होतं आणि ग्रंथी धड राहत नाहीत. फ्लॅचरीत (आतड्याच्या रोगात) आतडं काळपट, पातळ आणि दुर्गंधी. तुमच्या अळीत पाणी स्वच्छ राहील, आतड्यात ताजा हिरवा पाला असेल आणि ग्रंथी फुगून तट्ट भरलेल्या असतील. माल तयार, पण दार उघडायचा हुकूम आलेला नाही. (स्पेनच्या मुर्सिया भागात पूर्वी अशा भरलेल्या ग्रंथी व्हिनेगरमध्ये भिजवून, ओढून त्यांचा मासेमारीचा पक्का दोरा करत. आज त्याला गिऱ्हाईक नाही, नाहीतर तुम्हाला तोही मार्ग सुचवला असता.)

"माशीचं औषध" या शब्दाने घोळ केलाय. लेबलवर पांढरी माशी आहे कारण कपाशीत मंजुरी त्या किडीसाठी आहे. पांढऱ्या माशीची अंडी उबत नाहीत, पिल्लांची प्रौढ माशी होत नाही, हा त्याचा उपयोग. पण बाल्य संप्रेरक माशीत आहे, डासात आहे, भुंगेऱ्यात आहे आणि रेशीम अळीतही आहे. किल्ली एक, कुलपं अनेक. बाजारात ते एकटं १० टक्क्यांचं मिळतं, डायफेन्थियुरॉन किंवा फेनप्रोपॅथ्रीनबरोबरच्या मिश्रणातही मिळतं. त्यामुळे शेजाऱ्याला "कोणतं औषध मारलं" एवढं विचारून भागत नाही, बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं लागतं. तुम्ही बाटली उचलून वाचली, हे फार बरं केलंत.

हा प्रकार जगात पहिल्यांदा तुमच्याकडेच झाला असंही नाही. १९८९ च्या सुमारास उत्तर इटलीत फळबागांवर फेनॉक्सीकार्ब नावाचं याच गटातलं औषध मारायला सुरुवात झाली. आणि व्हेनेतो भागातल्या रेशीम अळ्यांनी कोष करायचं सोडलं. धडधाकट अळ्या, खातात, वाढतात, विणत नाहीत. लोकांनी आधी रोग शोधला, मग बियाण्याला दोष दिला, मग हवामानाला. पादोव्हाचं १८७१ पासूनचं रेशीम संशोधन केंद्र हाताशी असलेल्या भागात हे झालं. तिथला आधीच खंगलेला रेशीम धंदा त्या धक्क्यातून नीट उठलाच नाही. फेनॉक्सीकार्ब आणि पायरीप्रॉक्सीफेन यांचा "सुधारित" गुण म्हणजे उन्हात टिकणं. याच गटातलं आधीचं मेथोप्रीन उन्हात लवकर विघटित व्हायचं, म्हणून ते मुख्यतः डासांच्या पाण्यासारख्या ठिकाणी राहिलं. शेतासाठी टिकाऊ औषध हवं होतं, ते मिळालं. त्याची किंमत तुतीवाल्यांनी मोजली.

बाल्य संप्रेरकाची नक्कल कीटकनाशक म्हणून वापरायच्या कल्पनेचा जनक हार्वर्डचा कॅरोल विल्यम्स. १९५६ मध्ये त्याने एका मोठ्या पतंगाच्या पोटातून बाल्य संप्रेरक असलेलं सोनेरी तेल काढलं. १९६७ मध्ये त्याने याला तिसऱ्या पिढीची कीटकनाशकं म्हटलं आणि आशा धरली की कीटक आपल्याच संप्रेरकाला प्रतिकार कसा करतील? विज्ञानातल्या मोठ्या माणसांच्या आशा वाचताना मला नेहमी गंमत वाटते. १९८६ मध्ये मेथोप्रीनला दाद न देणारी फळमाशी सापडली, आणि १९९० च्या दशकात इस्रायलमध्ये पांढऱ्या माशीने पायरीप्रॉक्सीफेनला प्रतिकार मिळवला. रेशीम अळीला तो मिळायची शक्यता नाही, कारण तिला आपण हजारो वर्षं घरात, विषापासून दूर पाळलं.

विल्यम्सच्याच प्रयोगशाळेतली दुसरी गोष्ट इथे सांगतो, कारण शेडमध्ये वर्तमानपत्र अंथरणारे ती ऐकून घाबरतात. प्रागहून आलेल्या कारेल स्लामाचे ढेकण्या जातीचे कीटक हार्वर्डमध्ये प्रौढच होईनात. कारण निघालं त्यांच्या पेट्यांत घातलेला अमेरिकी कागद. ज्या फर झाडापासून तो बनला, त्यातच बाल्य संप्रेरकासारखा पदार्थ होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदाने परिणाम व्हायचा, लंडनच्या टाइम्सने नाही. तो पदार्थ फक्त त्या एका कुळावर चालतो. आपल्या कपाशीवरचे लाल ढेकूण त्या कुळातले, रेशीम अळी नाही. तुमचं वर्तमानपत्र निर्दोष आहे.

याच संप्रेरकाचा रेशीम धंद्यात फायदाही करून घेतलाय, हे ऐकून तुम्ही चकित व्हाल. जपानमध्ये पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीला मेथोप्रीनची अगदी सूक्ष्म मात्रा देऊन अळी एखादा दिवस जास्त खायला लावायची, म्हणजे कोष जड भरतो, ही रीत होती. उलट्या दिशेने, केके-४२ नावाच्या रसायनाने बाल्य संप्रेरकाचं काम अडवून अळीला तीनच कातींत कोष करायला लावता येतं. धागा बारीक निघतो. म्हणजे मात्रा आणि दिवस यांवर सगळं अवलंबून. पाचव्या अवस्थेच्या पहिल्या निम्म्या भागात जास्त मात्रा गेली तर अळी अडकते. तेच रसायन उशिरा पोटात गेलं तर अळी कोष करून मोकळी होते, घोळ झाला तर आतल्या प्यूपाच्या घडणीत होतो. तुमच्याकडे पूर्वेच्या तुतीवर वाढलेल्या रॅकमधल्या थोड्या अळ्यांनी पोचट का होईना कोष केलेत, पश्चिमेच्या तुतीवरच्यांनी काहीच नाही, असं तुम्ही लिहिलंय. रोग असता तर तो तुतीच्या दिशेप्रमाणे वाटला गेला नसता.

मात्रेचा हिशेब मांडू. १० टक्क्यांच्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम पायरीप्रॉक्सीफेन असतं, म्हणजे १० कोटी नॅनोग्रॅम. या गटातली रसायनं रेशीम अळीत नॅनोग्रॅमच्या पातळीवर काम करतात. वाऱ्यावर आलेला धुरकट फवारा पानावर दिसतसुद्धा नाही आणि पुरतो.

तुम्ही विचारलंय, पाला प्रयोगशाळेत पाठवू का. पाठवा, पण निकाल कसा वाचायचा ते आधी समजून घ्या. आपल्याकडे अवशेष तपासणीची चांगली सोय द्राक्षामुळे झाली. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं काम द्राक्षबागायतदारांना माहीत आहे. अशा तपासण्यांत साधारण ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो ही मोजणीची खालची रेघ धरतात. माणसाच्या खाण्याला ती पुरेशी कडक आहे. पण ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे एका ग्रॅम पाल्यात १० नॅनोग्रॅम. पाचव्या अवस्थेतली अळी जवळपास २० ग्रॅम पाला खाते. म्हणजे २०० नॅनोग्रॅम पोटात जाऊनही अहवालात "आढळले नाही" येऊ शकतं. तो कागद दाखवून कुणी तुम्हाला खोटं पाडायला आलं, तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडा.

दुसरी चूक आपल्या नेहमीच्या "चाचणी"ची. शेजारी फवारणी झाली की आपण पाच-पन्नास अळ्यांना संशयित पाला घालून एक दिवस बघतो, मेल्या नाहीत की बॅचला तोच पाला सुरू. मज्जातंतूंच्या विषाला ही चाचणी चालते. या गटाला ती फसते, कारण एका दिवसात दिसणारं इथे काहीच नाही. कोष व्हायच्या दिवशीच निकाल लागतो.

वाढ बिघडवणारी बाकीची औषधंही ओळखून ठेवा. मेथॉक्सीफेनोझाइड आणि टेबुफेनोझाइड हे इक्डायसोनची नक्कल करतात, आणि अळीवर्गीय किडींच्या कुलपात त्यांची किल्ली विशेष घट्ट बसते. याच निवडकपणासाठी टेबुफेनोझाइडला १९९८ मध्ये अमेरिकेत हरित रसायनाचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. मधमाशीला जपतं म्हणून. रेशीम अळीच्या दृष्टीने तो निवडकपणाच मुळावर येतो. यात चित्र पूर्ण वेगळं दिसतं: अळी एका दिवसात खाणं सोडते आणि अवेळी कात टाकायला लागते. पण कात पूर्ण निघायला इक्डायसोन वाढून परत उतरावं लागतं, तेव्हा जुनी कातडी फाडून बाहेर पडायचा इशारा मिळतो. नक्कल उतरतच नाही. त्यामुळे जुनं डोकं सुटून तोंडावर टोपीसारखं लटकतं, त्यामागे नवं डोकं मऊ, पांढरट, न टणकलेलं. अशी दोन डोक्यांची अळी एकदा भिंगाखाली पाहिली की विसरत नाही. अळी उपाशी मरते. कॅलिफोर्नियातल्या मोनार्क फुलपाखराच्या खाद्यवनस्पतीच्या पानांच्या २२७ नमुन्यांची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात ६४ कीडनाशकं निघाली आणि मेथॉक्सीफेनोझाइड जवळपास प्रत्येक नमुन्यात होतं. त्यातलं बरंचसं आजूबाजूचं उडून आलेलं असू शकतं.

नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन, डायफ्लुबेन्झ्युरॉन हे तूर, सोयाबीन, कपाशीत नेहमीचे. ते खरं तर संप्रेरकाला हात लावत नाहीत, कातडीतलं कायटिन बनू देत नाहीत. अळी कातीला बसते आणि तिथेच फाटते किंवा काळी पडते. आणि निंबोळी अर्क "आपला" म्हणून तुतीवर निर्धास्त मारू नका. त्यातलं अझाडिरॅक्टिन मेंदूकडून येणारा इशाराच अडवतं. झाडाचं म्हणून अळीला ते वेगळं कळत नाही.

आता या बॅचचं काय? पाला धुऊन घालण्याचा उपयोग होणार नाही. हे औषध तेलात विरघळणारं आहे, पानाच्या मेणात मुरतं. पश्चिमेचा पाला आजच्या आज बंद करा आणि पूर्वेच्या टोकाचा, नाहीतर दुसऱ्या गावचा स्वच्छ पाला घाला. काही अळ्या दोन-चार दिवस उशिरा पिकतील, त्यांचे कोष हलके येतील, पण येतील. संपूर्णा नावाचं वनस्पतिजन्य इक्डायसोन पाल्यावर शिंपडून अळ्या एकसारख्या पिकवता येतात, ते वापरू का असं तुम्ही विचारलंय. जी अळी पिकण्याच्या उंबरठ्यावर आहे तिला ते ढकलतं. जिच्या अंगात बाल्य संप्रेरकाची नक्कल अजून भरलेली आहे, तिला तेच इक्डायसोन "आणखी एकदा कात टाक" असं सांगतं, "कोष कर" असं नाही. म्हणून सगळ्या बॅचवर मारू नका. एका ट्रेवर मारून दोन दिवस बघा. पंधराव्या दिवशीही जी अळी खातेच आहे, तिच्यावर पाला आणि मजुरी घालवू नका.

तुतीची पश्चिमेची बाजू पूर्ण छाटून घ्या. पायरीप्रॉक्सीफेन फवारलेल्या पानात मुरतं, पण खोडातून नव्या फुटीत चढत नाही, त्यामुळे नवा पाला वापरता येईल. बांधालगतच्या दोन-तीन ओळींचा पाला मात्र अळ्यांना घालूच नका, तो जनावरांपुढे टाका. शेजाऱ्याशी भांडून फायदा नाही. त्याने मंजूर औषध मंजूर पिकावर मारलंय, आणि दुसरं मारलं असतं तर कदाचित अळ्या त्याच दिवशी गेल्या असत्या. त्याच्याकडून एवढंच मागा: फवारणीच्या आदल्या दिवशी फोन, बाटलीचा फोटो, आणि वारा तुतीकडे असेल तर दुसरा दिवस. तारीख कळली तर पश्चिमेचा पाला कधी वापरायचा नाही हे तुम्हाला ठरवता येतं, आणि अंडीपुंजांची मागणी आठ-दहा दिवस पुढे ढकलता येते.

पुढच्या बॅचला चौथी कात निघाली की पन्नास अळ्या वेगळ्या काढा, त्यांना फक्त पश्चिमेच्या नव्या फुटीचा पाला घाला. दुसऱ्या पन्नास पूर्वेच्या पाल्यावर ठेवा. दोन्ही ट्रेवर तारखेची चिठ्ठी लावा आणि शेवटची अळी चंद्रिकेवर चढेपर्यंत, ती किती दिवसांनी चढली हे लिहीत राहा.